आधी पंखा बंद करा : छोट्या ॲनिमेशनपटांविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात छोट्या ॲनिमेशनपटांविषयी प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी बरीचशी ‘कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?’ एवढंच विचारणारी होती. त्या सगळ्यांना एकच उत्तर दिलं आहे आणि वाचलेली जागा माती, वाळू, कागद आणि दिव्यांना दिली आहे.

मुलगी मला कॅनडातल्या काही फिल्म्स दाखवते. एक वाळूची, एक मण्यांची, आणि एकीत तर खरीखुरी माणसं पाय न हलवता घसरत जातात. हे सगळं ॲनिमेशनच का? आणि चित्रं काढून भागत असताना इतके प्रकार कशासाठी? – निवृत्त बँक कर्मचारी, नाशिक

हो, सगळं ॲनिमेशनच. एक फ्रेम म्हणजे एक स्थिर चित्र टिपायचं, समोरचं जे काही आहे ते जरासं हलवायचं, पुढची फ्रेम टिपायची, अट एवढीच. समोर कागद आहे, मणी आहेत की जिवंत माणूस, याने काही बिघडत नाही.

माणसांची फिल्म बहुधा नॉर्मन मॅकलॅरन यांची ‘नेबर्स’ (१९५२) असावी. एका फुलावरून दोन शेजारी हातघाईवर येतात ती. नटाने उडी मारायची, तो हवेत असतानाच फ्रेम टिपायची, मग त्याने थोडं पुढे सरकून पुन्हा उडी मारायची. अशा उड्या सलग दाखवल्या की माणूस जमिनीला न टेकता तरंगत जातो. या तंत्राला पिक्सिलेशन म्हणतात. आपल्याकडे मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये प्रमोद पती यांनी १९७२ साली चित्रकार आबिद सुरती यांना घेऊन ‘आबिद’ केली, ती याच तंत्राने.

मण्यांची फिल्म ईशू पटेल यांची ‘बीड गेम’ (१९७७). पटेल मूळचे गुजरातचे, अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेतून कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डात गेलेले. फिल्मभर एक जीव दुसऱ्याला गिळतो आणि प्रकरण सूक्ष्म जीवांपासून माणसांच्या युद्धापर्यंत पोचतं. हे मण्यांतच का करायचं? कारण मण्यांचा एक पुंजका दुसऱ्यात मिसळला की पहिला कुठे संपला ते कळत नाही. गिळणं दाखवायला याहून सोयीचं काही नाही.

वाळूत आणि काचेवरच्या ओल्या रंगात कॅरोलिन लीफ यांचं काम बघा. ‘द स्ट्रीट’ (१९७६) रंगातली आहे. तिच्यात एक दृश्य संपून दुसरं सुरू होत नाही, पहिलं पुसता पुसता त्याचंच दुसरं होतं. अलेक्झांडर अलेक्सेयेफ आणि क्लेअर पार्कर यांनी १९३३ साली ‘नाइट ऑन बॉल्ड माउंटन’ चक्क टाचण्यांच्या पडद्यावर केली. पडद्यात लाखो बारीक पिना, बाजूने प्रकाश. पिन जितकी बाहेर तितकी तिची सावली लांब आणि तो भाग काळा. आत ढकलली की पांढरा. त्यातून एचिंगसारखी, म्हणजे धातूच्या पत्र्यावर कोरून छापलेल्या चित्रासारखी, करडी छटा मिळते.

आता ‘इतके प्रकार कशासाठी’. प्रत्येक साहित्याला एखादी गोष्ट फुकट जमते आणि एखादी काही केल्या जमत नाही. वाळूला रूप बदलणं सोपं, पण तोच चेहरा दहा सेकंद तसाच धरून ठेवणं महाकठीण. कागदी कटआउट डावीकडून उजवीकडे झकास चालतं, वळून पाठमोरं व्हायचं म्हटलं की सगळे तुकडे नव्याने कापावे लागतात. मातीत वजन दिसतं, उडणं दिसत नाही. पेन्सिलीला सगळंच जमतं, पण दर सेकंदाला १२ चित्रं काढायची तयारी हवी. म्हणून गोष्ट पूर्ण लिहून झाल्यावर ‘आता ही कशात करू?’ विचारणारे हमखास अडकतात. आधी दोन दिवस साहित्याशी खेळा, त्याला काय आपसूक येतं ते बघा, मग गोष्ट लिहा. या सदरातल्या निम्म्या तक्रारींचं मूळ हा क्रम उलटा होण्यात आहे.

नॅशनल फिल्म बोर्डाच्या संकेतस्थळावर त्यांच्या बऱ्याच फिल्म्स मोफत बघता येतात. मुलीला गीतांजली राव यांची ‘प्रिंटेड रेनबो’ (२००६) जरूर दाखवा. मुंबईतली एकटी म्हातारी, तिची मांजर आणि काड्यापेट्यांवरची चित्रं. शहर करडं, काड्यापेटीच्या आतलं जग रंगीत. संवाद नाहीत आणि ते नाहीत हे लक्षातही येत नाही.

जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीचा वर्ग आहे, २० मुलं. माझा एक मोबाइल, खर्चाला फारसे पैसे नाहीत. आठवड्याभरात मुलांकडून काही करून घेता येईल का? – शिक्षिका, रत्नागिरी जिल्हा

येईल. कटआउट करा, मातीच्या वाटेला जाऊ नका. पाच-पाच मुलांचे चार गट, प्रत्येक गटाची १० सेकंदांची एक फिल्म. सेकंदाला १२ फोटो धरले तर गटाचे १२० फोटो. नवशिकी मुलं सुरुवातीला मिनिटाला एक फोटो घेतात, म्हणजे दोन तास. चारही गटांचं मिळून ४० सेकंद होतं आणि ४० सेकंद भरपूर असतात. दोन मिनिटांची फिल्म ठरवलीत तर १,४४० फोटो. तिसऱ्या दिवशी वर्ग पळून जाईल.

मोबाइल खाली तोंड करून बसवायचा. दोन बाकांमध्ये फट ठेवा, वर आडवी फळी, तिला कॅमेऱ्याएवढं भोक किंवा दोन पट्ट्यांमध्ये मोकळी जागा. खालच्या कागदापासून उंची ५० ते ६० सेंमी. पार्श्वभूमी ए-३ कार्डशीटवर रंगवा. चौकट १६:९ असते, तेव्हा झूम करून त्यातला सुमारे ४० बाय २२.५ सेंमीचा भाग चौकटीत बसवा. तेवढा पेन्सिलीने आखून घ्या, नाहीतर मुलं कडेला सुंदर झाडं काढतात आणि ती कॅमेऱ्यात येतच नाहीत. कागदाचे चारही कोपरे टेपने खाली पक्के चिकटवा. दोन दिवे दोन बाजूंनी तिरके, साधारण ४५ अंशांवर. दिवा थेट वरून आला की स्केचपेनचा रंग चकाकतो आणि मोबाइलची सावली पडते ती वेगळीच.

पात्रं १२ ते १५ सेंमी उंच, जाड कार्डशीटची. लग्नपत्रिकांची पाठ उत्तम चालते. डोकं, धड, दंड, हात, मांडी, पाय असे वेगळे तुकडे कापा. सांध्याच्या ठिकाणी दोन्ही तुकड्यांची टोकं गोल आणि एकमेकांवर आलेली हवीत, म्हणजे वाकवल्यावर फट दिसत नाही. गोलाच्या मध्यातून दोरा ओवा आणि दोन्हीकडे गाठ मारा. गाठ घट्ट हवी. सैल सांध्याचा हात फोटो घेईपर्यंत लोंबतो. कापलेल्या कडा काळ्या स्केचपेनने रंगवून टाका, नाहीतर प्रत्येक हालचालीत पांढरी रेघ चमकते. डोळ्यांची बुबुळं वेगळी ठेवा, नुसती बुबुळं सरकली तरी पात्र विचार करताना दिसतं.

गटात एक जण फोटो काढेल, दोघं पात्रं हलवतील, एक जण फोटोचा आकडा आणि काय हलवलं ते वहीत लिहील, आणि पाचव्याचं काम फक्त ‘हात बाहेर!’ ओरडायचं. हसू नका, सगळ्यात महत्त्वाचा तोच. फ्रेममध्ये राहिलेलं बोट नंतर काढता येत नाही. हळू चाल हवी असेल तर दर फोटोला ३-४ मिलिमीटर, जलद हवी तर सेंटिमीटरभर सरकवा. सुरुवातीला आणि शेवटी काहीही न हलवता १२-१२ फोटो घ्या, म्हणजे बघणाऱ्याला दृश्य समजायला वेळ मिळतो.

छताचा पंखा बंद. हे आधी लिहायला हवं होतं, कारण कटआउटच्या फिल्म्स सगळ्यात जास्त बिघडतात त्या वाऱ्याने. पावसाळ्यात कोकणात कार्डशीट ओल धरून वळतं. तुकडे रात्री जाड पुस्तकाखाली दाबून ठेवा. मोबाइल विमान मोडवर ठेवा आणि चार्जर लावूनच ठेवा. तो मधेच काढून परत बसवला की चौकट सरकते आणि फिल्ममध्ये तिथे जग हललेलं दिसतं. फोटो बोटाने न टिपता इयरफोनच्या आवाजाच्या बटणाने टिपा. बहुतेक फोनमध्ये ते चालतं.

वेळ उरला तर एक गंमत करून घ्या. यूरी नॉर्स्टाइन यांच्या ‘हेजहॉग इन द फॉग’ (१९७५) या कटआउट फिल्मचं धुकं प्रसिद्ध आहे. त्यांनी चित्रावर अगदी पातळ कागद धरला आणि फ्रेमगणिक तो थोडा थोडा कॅमेऱ्याकडे उचलला. कागद चित्राला चिकटलेला असतो तेव्हा आकृती स्पष्ट, तो वर येईल तशी ती विरत जाते. पतंगाचा पांढरा कागद किंवा ट्रेसिंग पेपर घेऊन मुलांना हे दहा मिनिटांत दाखवता येईल.

क्लेची फिल्म केली. प्रत्येक फोटो वेगवेगळा चांगला दिसतो, पण चालवली की उजेड सारखा फडफडतो. मोबाइल खराब आहे का? – विद्यार्थी, कोल्हापूर

मोबाइल ठीक असावा. कारणं पाच आहेत आणि ती या क्रमाने तपासा.

पहिलं, ऑटो. तुमचा हात, पुतळ्याची जागा, काहीही बदललं की फोन स्वतःच उजेड आणि रंग नव्याने ठरवतो. पडद्यावर बोट दाबून धरल्यावर येणारं लॉक पुरेसं नसतं, कारण एचडीआर आणि नाइट मोड या उजेड आपोआप सावरणाऱ्या सोयी तरीही लुडबुड करतात. ‘प्रो’ मोड उघडा आणि सगळं हाताने ठरवा: आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १००, शटर (उजेड आत घेण्याचा वेळ) १/२५ सेकंद, व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) एका आकड्यावर पक्का, फोकस मॅन्युअल. प्रो मोड नसेल तर तो देणारं कॅमेरा ॲप किंवा स्टॉप मोशनचं, म्हणजे वस्तू हलवत एकेक फोटो घेण्याचं, ॲप घ्या.

दुसरं, दिवे. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. शटर १/१००, १/५० किंवा १/२५ ठेवलं तर प्रत्येक फोटोत पूर्ण झोके सामावतात आणि उजेड सारखा येतो. १/१२५ किंवा १/२०० ठेवलं की कधी झोक्याची वरची बाजू मिळते, कधी खालची. फडफड तीच.

तिसरं, खिडकी. ढग सरकला की संपलं. काळं कापड किंवा जाड गोधडी लावा आणि पूर्ण अंधारात फक्त तुमचे दिवे वापरा. पडद्याच्या फटीतून येणारी उन्हाची तिरीप फिल्ममध्ये भिंतीवरून चालताना दिसते.

चौथं तुम्ही स्वतः. पांढरा शर्ट घालून सेटजवळ उभं राहिलात की तुमचा शर्ट हाच एक दिवा होतो. गडद कपडे घाला आणि प्रत्येक फोटोच्या वेळी एकाच जागी उभे राहा. जमिनीवर टेपने फुली मारून ठेवा.

पाचवं डीएसएलआरवाल्यांसाठी. लेन्सचं ॲपर्चर, म्हणजे उजेड आत सोडणारं भोक, दर फोटोला बंद होताना केसभर वेगळं बंद होतं. ते पूर्ण उघडं ठेवा, किंवा ज्याचं ॲपर्चर हाताने फिरवता येतं असं जुनं मॅन्युअल लेन्स लावा.

झालेली फिल्म संकलनाच्या सॉफ्टवेअरमधल्या डिफ्लिकर या फडफड कमी करणाऱ्या सोयीने थोडी सावरते, पण खिडकीतल्या उन्हाने पडलेल्या सावल्या त्याने जात नाहीत. ते दृश्य पुन्हा घ्या.

मी नववीत आहे. शाडूचा माणूस केला, आत तार घातली. दुसऱ्याच दिवशी भेगा पडल्या आणि तो पुढे कलंडतो. काय चुकलं? – वाचक, सातारा

अरे, शाडू गणपतीसाठी. तिच्यातलं पाणी उडतं, ती आकसते, आतली तार आकसत नाही, म्हणून भेगा. ॲनिमेशनला तेलातली क्ले लागते. रंगीत कांड्या मिळतात त्याच, पण नॉन-ड्राइंग असं लिहिलेल्या घे. ती कधी सुकत नाही. उन्हाळ्यात उलट फार मऊ होते. मग पुतळा दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवायचा आणि दिवे एलईडी वापरायचे, जुने पिवळे बल्ब क्ले वितळवतात.

तार लोखंडाची घातली असशील. ती वाकवून सोडली की थोडी परत येते, मग हात तुला हवा तिथे थांबत नाही. ॲल्युमिनियमची दीड मिलिमीटरची तार घे आणि दोन पदर एकत्र पिळून वापर. पायांना तीन पदर. पीळ फार घट्ट देऊ नकोस, तार कडक होऊन लवकर तुटते. हाडं असतात तिथे, म्हणजे छाती, कंबर, मांडीचा मधला भाग, तारेवर एम-सीलचा पातळ थर दे. मग वाकणं फक्त सांध्यातच होतं आणि मांडीला मधेच कोपर फुटत नाही. तरी तार तुटणारच. सारखी एकाच जागी वाकवली की धातू थकतो. सगळ्यात आधी मनगट आणि घोटा जातो. म्हणून सुरुवातीलाच हातांच्या दोन जोड्या जादा करून ठेव.

कलंडण्याची कारणं दोन. डोकं भरीव क्लेचं असेल तर ते फार जड झालंय. आत थर्माकोलचा किंवा चुरगळलेल्या ॲल्युमिनियम फॉइलचा गोळा ठेव, वर पाच मिलिमीटर क्ले. पुतळा १५ सेंमीच्या वर नेऊ नकोस. दुसरं कारण पाय. चालताना एका पायावर सगळा भार येतो आणि क्लेचा पाय तो पेलत नाही. तळव्यात चार मिलिमीटरचा नट एम-सीलमध्ये बसव, प्लायवूडच्या सेटला भोकं पाड आणि खालून बोल्ट पिळ. पुढचं पाऊल टाकलं की मागचा बोल्ट सोड. भोकं क्लेने बुजवून टाकायची. एवढी खटपट नको असेल तर सेट सॉफ्ट बोर्डचा कर आणि तळव्यातून खाली लांब टाचणी घाल. लहान पुतळ्याला तेवढं पुरतं.

रंग मिसळू द्यायचे नसतील तर आधी पांढरी आणि पिवळी क्ले हाताळ, काळी आणि लाल शेवटी, आणि मधे ओल्या वाइप्सने बोटं पूस. बोटांचे ठसे मात्र राहू देत. फिल्ममध्ये ते वळवळतात आणि छान दिसतात, असं आमचं मत.

काचेवर वाळूऐवजी रांगोळी वापरून ॲनिमेशन करता येईल का? रंगही मिळतील. – रांगोळी कलाकार, सांगली

रंग मिळणार नाहीत, हा पहिलाच धक्का. वाळूच्या ॲनिमेशनमध्ये उजेड काचेच्या खालून येतो. वर जे ठेवाल ते उजेड अडवतं आणि त्याची फक्त सावली दिसते; केशरी रांगोळी आणि हिरवी रांगोळी दोन्ही काळपटच. शिवाय रांगोळीची पूड फार बारीक. ती काचेला धरून बसते, पुसलं तरी धुरकट थर राहतो आणि पांढरा भाग दर फ्रेमला मळत जातो.

खालून उजेड हवा तर वाळूच घ्या. नदीची बारीक वाळू तीन-चार पाण्यांनी धुवायची, कडक उन्हात वाळवायची, चहाच्या गाळणीतून गाळायची. दोन वाट्या पुरतात. पावसाळ्यात गुठळ्या झाल्या तर तव्यावर गरम करून घ्या. काच पाच मिलिमीटर जाडीची, साधारण ४५ बाय ६० सेंमी, कडा घासून घेतलेल्या. तिच्याखाली ८ ते १० सेंमी अंतरावर दुधी ॲक्रिलिक आणि त्याखाली एलईडी पॅनेल. ॲक्रिलिकच वरती ठेवू नका, त्यावर स्थिर वीज साठते आणि वाळूचे कण उड्या मारतात. छटा थराच्या जाडीने ठरते: चिमूटभर भुरभुरवली तर फिकट तपकिरी, दोन मिलिमीटरचा थर दिला तर काळीकुट्ट. बारीक रेघेला कानातल्या काडीचं टोक किंवा रिकामं बॉलपेन, सपाट पुसायला जुनं क्रेडिट कार्ड.

एक गोष्ट पक्की समजून घ्या: इथे मागे जाता येत नाही. नवी फ्रेम करायची तर जुनी मोडावी लागते. चाळिसाव्या फ्रेमला चूक झाली तर एकोणचाळिसावी आता फक्त फोटोत उरलेली असते. म्हणून मोबाइलवर मागची फ्रेम पुसट दाखवणारं ॲप हवंच. त्या सोयीला ‘अनियन स्किन’ म्हणतात.

तुमच्या हाताला रांगोळीच सरावाची असेल तर व्यवस्था उलटी करा. खाली काळा किंवा गेरूच्या रंगाचा खरखरीत बोर्ड, दिवे वरून दोन बाजूंनी, कॅमेरा वर. रंग भरून येतील. चिमटीतून रेघ उमटत जाते, ठिपके जोडले जातात, हे तर तुमचं रोजचंच काम. दर दोन सेंटिमीटर रेघेला एक फ्रेम घ्या. पुसायला ओलसर फडकं नको, मऊ ब्रश वापरा. आणि पंख्याबद्दल वर सांगितलंच आहे.

पात्रं हलतात पण तरंगल्यासारखी वाटतात. वजनच नाही. फ्रेम वाढवू का? – ठाणे, पुणे आणि नागपूरहून आलेले प्रश्न एकत्र

फ्रेम वाढवून उलट जास्त तरंगतील. दोष संख्येत नाही, अंतरात आहे. दर फ्रेमला वस्तू सारखीच सरकवली की ती कापसासारखी जाते. खऱ्या वस्तू सुरू होताना हळू असतात, मग वेग घेतात.

चेंडूचा हिशेब एकदा हाताने करून बघा. सव्वा मीटरवरून सोडलेला चेंडू अर्ध्या सेकंदात जमिनीला लागतो. सेकंदाला १२ फ्रेम धरल्या तर सहा फ्रेम. पडणाऱ्या वस्तूची फ्रेमगणिक अंतरं १, ३, ५, ७, ९, ११ या प्रमाणात वाढतात, बेरीज ३६. कागदावर ही उंची १८ सेंमी काढली असेल तर एक भाग अर्ध्या सेंटिमीटरचा. पहिल्या फ्रेमला अर्धा सेंमी, मग दीड, अडीच, साडेतीन, साडेचार आणि शेवटच्या फ्रेमला साडेपाच. पट्टीने खुणा करा आणि चेंडू त्या खुणांवर ठेवत जा. मग तोच चेंडू दर फ्रेमला तीन-तीन सेंमी सरकवून करा. दोन्ही शेजारी चालवून पाहिल्यावर पुढचं स्पष्टीकरण लागत नाही.

चालण्यात साधं पाऊल अर्ध्या सेकंदाचं, म्हणजे १२ च्या हिशेबाने सहा फ्रेम. घाईत चार, दमलेल्या म्हाताऱ्याला आठ. टाच टेकल्यानंतर पुढच्या फ्रेमला कंबर खाली जायला हवी, एक पाय दुसऱ्याला ओलांडताना वर यायला हवी. कंबर एकाच पातळीत ठेवली की माणूस चाकांवरून जातो. आणि टेकलेला पाय जमिनीवरून घसरू देऊ नका. बघणाऱ्याचं लक्ष तिथेच जातं.

संवाद मराठीत आहेत. तोंडं किती काढायची? – कटआउट करणारी विद्यार्थिनी, मुंबई

सात तोंडं पुरतात. मिटलेलं (प, ब, भ, म), खालचा ओठ दातांखाली (व, फ), मोठं उघडं (आ), अर्धं उघडं (अ आणि बहुतेक व्यंजनं), रुंद ताणलेलं (इ, ए), गोल मोठं (ओ, औ), गोल लहान (उ). ट, ण, ळ यांना वेगळं तोंड लागत नाही, जीभ बाहेरून दिसतच नाही.

संवाद आधी रेकॉर्ड करा. ध्वनी संगणकावर उघडून प्रत्येक अक्षर कितव्या फ्रेमला येतं ते कोष्टकात लिहा आणि तोंड आवाजाच्या एक फ्रेम आधी बदला. नंतर बदललं तर डबिंग केल्यासारखं दिसतं. ‘आंबा’ म्हणताना ओठ मिटलेच नाहीत तर लगेच खटकतं, म्हणून मिटलेलं तोंड कधी गाळू नका. बाकी अक्षरं भरभर येत असतील तर खुशाल गाळा. प्रत्येक अक्षराला तोंड बदललं की पात्र पान चघळल्यासारखं दिसू लागतं.

कुठलं सॉफ्टवेअर? – जवळजवळ सगळे

चित्रांसाठी क्रिटा, पेन्सिल टूडी किंवा ओपनटून्झ. त्रिमितीसाठी आणि त्यातच हाताने चित्रं काढण्यासाठी ब्लेंडर. चारही फुकट. स्टॉप मोशनसाठी मोबाइलवर स्टॉप मोशन स्टुडिओ. डीएसएलआर आणि पैसे दोन्ही असतील तर ड्रॅगनफ्रेम. लॅटव्हियाच्या ‘फ्लो’ला २०२५ साली ऑस्कर मिळालं, ती ब्लेंडरमध्येच झाली आहे. तेव्हा महागडं सॉफ्टवेअर नाही म्हणून अडलंय, हे कारण आता चालणार नाही.

पहिलं भारतीय ॲनिमेशन दादासाहेब फाळक्यांचं, हे खरं का? – लातूर

फाळक्यांनी १९१२ साली वाटाण्याच्या रोपाची वाढ ठरावीक अंतराने एकेक फ्रेम घेऊन टिपली आणि ती दाखवून भांडवलदारांची खात्री पटवली. पण रोप आपलं आपण वाढत होतं, त्याला कुणी हलवत नव्हतं. त्याला टाइमलॅप्स म्हणणं बरोबर. १९१५ च्या सुमाराची ‘आगकाड्यांची मौज’ मात्र खरं स्टॉप मोशन. त्यात काड्या हाताने हलवून नाचवल्या होत्या. पहिलेपणाचा मान द्यायचा तर या काड्यांना.

साने गुरुजींची एक गोष्ट फिल्मसाठी घ्यायची आहे, पार्श्वभूमीला एक जुनं भावगीत. महोत्सवांना पाठवायचा विचार आहे. परवानगी लागेल? – सोलापूर

गोष्टीला भारतात लागणार नाही. लेखकाच्या मृत्यूनंतरचं वर्ष सुरू झाल्यापासून ६० वर्षं हक्क राहतो. गुरुजी १९५० साली गेले, म्हणजे २०१० अखेर मुदत संपली. ‘पुलं’ २००० साली गेले. त्यांच्या लेखनाला अजून परवानगी हवीच. परदेशात मुदतीचे हिशेब वेगळे असतात, तेव्हा तिकडे पाठवताना त्या त्या देशाचा नियम तपासा.

भावगीत मात्र सोडून द्या. त्यात कवीचा, संगीतकाराचा आणि ध्वनिमुद्रणाचा असे तीन वेगळे हक्क असतात. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षांनी संपला तरी कवी-संगीतकारांचा चालू असू शकतो. ओळखीतल्या कुणाकडून पेटी-तबल्यावर नवी चाल वाजवून घ्या आणि वापराची परवानगी एका कागदावर लिहून, सही घेऊन ठेवा. महोत्सव तो कागद मागतात.

मुंबईचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव ‘मिफ’ १९९० पासून भरतो आणि त्यात ॲनिमेशनला स्वतंत्र स्थान आहे. फ्रान्समधला ॲनेसी हा ॲनिमेशन महोत्सव १९६० पासूनचा, तो जूनमध्ये असतो. काही महोत्सव आधी इंटरनेटवर टाकलेली फिल्म घेत नाहीत. नियम वाचल्याशिवाय यूट्यूबवर चढवू नका. संवाद असतील तर इंग्रजी उपशीर्षकांची वेगळी फाइल द्या, चित्रावर छापलेली नको. १२ फ्रेमने केलेली फिल्म पाठवताना प्रत्येक फ्रेम दोनदा घेऊन २४ ची करा. प्रोजेक्टरची यंत्रणा १२ ची फाइल कधी नाकारते, कधी दुप्पट वेगाने पळवते. श्रेयनामावली १५-२० सेकंदांत आटपा.